भाड्यात न धरलेली गॅलरी

ज्या गॅलरीसाठी मी आरामखुर्ची घेतली, ती गॅलरी माझी नव्हती. घर भाड्याचं होतं, ते एक असो. पण गॅलरी तर भाड्याचीसुद्धा नव्हती.

हे माझ्यापासून कुणी लपवलं होतं असंही नाही. जुन्नरला बदली झाली आणि आम्ही नवराबायको घर बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी हॉल दाखवला, आतली खोली दाखवली, स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून लगेच बंद केला. मग गॅलरीचं दार उघडलं, आम्हाला उंबऱ्यावरूनच आत डोकावू दिलं आणि म्हणाले, "ही भाड्यात धरलेली न्हाई."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे ही माझी."

मी हसलो. मला वाटलं, माणूस विनोदी आहे, जमेल आपलं. बायको हसली नाही. आमच्या संसारातल्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात अशीच झालेली आहे. मी हसतो, ती हसत नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला तेव्हा तीन-तीन मजल्यांच्या इमारती नुकत्या उभ्या राहायला लागल्या होत्या. ही इमारत मालकांच्याच जागेवर बांधलेली. जागा दिली त्याच्या बदल्यात बिल्डरनं त्यांना दोन फ्लॅट दिले होते. तळमजल्यावरच्या मागच्या फ्लॅटमध्ये ते स्वतः राहायचे आणि पहिल्या मजल्यावरचा दर्शनी फ्लॅट आम्हाला दिला होता. गॅलरी मात्र झकास होती. वर स्लॅब, दोन्ही बाजूंना भिंत, समोर कठडा आणि कठड्यावर लोखंडी जाळी. ऊन नाही, पाऊस नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला अशी गॅलरी दिसली की तिथं खुर्ची टाकून चहा प्यावासा वाटतो. तो रोग मलाही होता.

मालकांना सगळं गाव दादा म्हणायचं, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. उंच, वाळकुडा, मानेची शीर कायम ताणलेली. रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी हातपाय धुतो न धुतो तोच जिन्यात खोकल्याचा आवाज यायचा. बेल त्यांनी कधी वाजवली नाही. दारात वहाणा काढायच्या, त्या परत जाण्याच्या दिशेनं तोंड करून ठेवायच्या, आणि बोळातून चालल्यासारखं आमच्या हॉलमधून सरळ गॅलरीत जायचं. आम्ही जेवत असू, भांडत असू, पाहुणे असोत, ते डावीउजवीकडे बघायचे नाहीत. "चालू द्या तुमचं," एवढंच म्हणायचे. त्यामुळे आमचं काहीच चालायचं नाही.

गॅलरीत त्यांचं एक लोखंडी स्टूल होतं. माळ्यावर चढायला वापरतात तसलं उंच, गंजलेलं, चढून बसलं की पाय अधांतरी लोंबकळणारं. त्यावर दादा ताठ बसायचे आणि जाळीतून समोर बघत राहायचे. बोलायचे नाहीत, पेपर वाचायचे नाहीत. चहा विचारला तर म्हणायचे, "गॅलरी माझी, च्या तुमचा. मिसळ नको."

आता समोर काय होतं? रस्ता, त्यापलीकडे एक कौलारू घर, त्याचा ओटा, आणि कौलांच्या वर शिवनेरीचा एक तुकडा. मला वाटायचं, दादा शिवनेरी बघतात. ऑफिसात मी चारचौघांत सांगितलंही, की आमचे घरमालक शिकलेले नाहीत पण इतिहासाची ओढ बघा, रोज किल्ल्याकडे बघत तासभर बसतात. जुन्नरचाच एक सहकारी होता. त्यानं हातातली फाईल माझ्याकडे सरकवली आणि तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी फायलीच बघा."

खरं काय ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या शहाणपणाची चव नीट घेता येईल.

समोरच्या कौलारू घरात दादांचा धाकटा भाऊ राहायचा. दोघांचं बोलणं बंद होतं, आणि ते एका बाकड्यावरून. आपल्याकडे भावाभावांत वाटणी करायची एक रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही, आणि धाकट्याला बोलायला जागा राहत नाही. वडील गेल्यावर दादांनी रीतीप्रमाणे दोन वाटे पाडले. एका बाजूला रोडकडेची मोकळी जागा, दुसऱ्या बाजूला राहतं घर, ओटा आणि ओट्यावरचं बाकडं. त्या बाकड्यावर वडील बसायचे, आजोबा बसायचे, आणि आळीतल्या लोकांची भांडणं त्यावर बसून मिटवायचे. दादांना पाहिजे होतं बाकडं. रोडची जागा समोर ठेवली की कुणीही शहाणा माणूस तीच उचलणार, असा त्यांचा होरा होता. धाकट्यानं घर उचललं.

रीत मोडता येईना, मग दादांनी बोलणं मोडलं. पुढं रोडच्या जागेला भाव आला, बिल्डर आला, दादा फ्लॅटवाले झाले. सगळं जुन्नर म्हणायचं, थोरल्यानं नशीब काढलं. दादा म्हणायचे, मला फसवलं. धाकट्यानं घर का उचललं हे त्यांनी त्याला कधी विचारलं नाही. ते त्याचं नावही घ्यायचे नाहीत. "समोरचा" म्हणायचे.

तर हा समोरचा रोज संध्याकाळी बाकड्यावर बसायचा, आणि दादा गॅलरीत स्टुलावर. तो वर बघायचा, हे खाली बघायचे. ना हात हलायचा ना मान. धाकटा उठून आत गेला की दादाही स्टुलावरून उतरायचे. लग्नकार्य, पाऊसपाणी, काहीही असो, हे बसणं चुकायचं नाही. मी हॉलमध्ये बसून हे रोज बघत होतो आणि मला वाटत होतं, किल्ला.

एकदा त्यांनी मला जवळजवळ सांगितलंच होतं. त्यांची मुलगी खोडदला दिलेली. तिच्याकडे जाऊन आले आणि त्या दिवशी आपणहून बोलले. तिथं शेतात त्या आकाशातलं ऐकणाऱ्या मोठ्या तबकड्या उभ्या आहेत, त्या बघून आले होते.

"भाऊसाहेब, येवढाली ताटं. बोलत न्हाईत, चालत न्हाईत. नुसती तिकडं तोंड करून बसत्यात."

"संशोधन चालतं तिथं, दादा. फार लांबचे संदेश येतात."

"लांबचं सोडा," ते म्हणाले. "माणसानं तसं बसावं. तोंड फिरवू नये, येवढंच."

मी मान डोलावली आणि त्यांना रेडिओ लहरींबद्दल बरंच सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तुमचा आवाज लई व्हतो."

माणूस गोड होता असं मात्र कुणी समजू नका. हिनं एकदा गॅलरीत साड्या वाळत घातल्या. दादांनी त्या ओल्याच काढल्या, व्यवस्थित घड्या घातल्या आणि आमच्या दिवाणावर आणून ठेवल्या. गादी भिजली. "जाळीवर काय टाकायचं न्हाई, दिसत न्हाई मग." हिनं तुळशीची कुंडी ठेवायची परवानगी मागितली, तर म्हणाले, "ठेवा, पण वाढू देऊ नका." दिवसा दिवा लागलेला दिसला की खालून मेन स्विच बंद करायचे. माणसाची पारख बसण्यावरून करायचे. मला पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं, "भाऊसाहेब, तुमी बसता का सांडता?"

माझे सासरे मंचरचे, कांदाबटाट्याचे अडते. ते एकदा मुलीकडे आले आणि वारा घ्यायला म्हणून गॅलरीत जाऊन स्टुलावर बसले. दादा वर आले. उठा म्हणाले नाहीत. समोर जाऊन नुसते स्टुलाच्या पायांकडे बघत उभे राहिले. मार्केटात उभ्या गावाला आवाजानं गप्प करणारा माझा सासरा उठला. पिशवी उचलली. "जावयाला सांग," मुलीला म्हणाले, "आधी बसायला जागा कर, मग सासऱ्याला बोलाव." नंतर बरेच दिवस ते आले नाहीत.

तेव्हापासून ही माझ्यामागे लागली. गॅलरीत आपलं काहीतरी बसायचं पाहिजे. मलाही ते पटलं. शिवाय माझ्या डोक्यात आणखी एक उदात्त विचार होता, की त्या गंजक्या स्टुलावर म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात, चांगलं बसायला मिळालं तर तोही मऊ पडेल. मग सुरू झाली आमची खरेदी.

आधी पुण्याहून एसटीच्या टपावरून वेताच्या दोन खुर्च्या आणल्या. दादांनी त्या गॅलरीत ठेवू दिल्या, त्याचंच नवल वाटलं. मग खाली वाकले, जमिनीपासून बैठकीपर्यंत वीत टाकून मोजलं, तिथून कठड्यापर्यंत मोजलं आणि म्हणाले, "बुटक्या." प्लॅस्टिकच्या आणल्या. "वाऱ्यानं सरकत्यात. माणसाची जागा सरकू नये." हिच्या मनात झोपाळा होता. कड्या कुठं लावायच्या ते विचारायला गेलो, तर म्हणाले, "हालत्या जाग्यावर पोर बसतं. मोठं माणूस बसलं की समोरच्याला वाटतं, ह्याचा काय भरवसा न्हाई." समोरचा म्हणजे कोण, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी भारावून गेलो होतो. मला वाटलं, काय बारकाईनं विचार करतो हा माणूस फर्निचरचा. दर वेळी वीत टाकणं, कठडा बघणं, बसून मान वर करून बघणं. मी हिला म्हणालो, "यांना वस्तूची जाण आहे."

"त्यांना जाण आहे," ही म्हणाली, "आणि आपल्याला चार खुर्च्या आहेत आणि बसता एकीवरही येत नाही."

त्या खुर्च्या आम्ही हॉलमध्ये घेतल्या. हॉलमध्ये चालायला जागा उरली नाही. दादा त्यांतून वाट काढत गॅलरीत जायचे. "चालू द्या तुमचं."

मग दादांना टायफॉइड झाला. बरेच दिवस ते वर आले नाहीत. त्यांची बायको, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, खाली त्यांचं पथ्यपाणी बघत होती. काकी तोंडाच्या फटकळ, पण हातानं सढळ. मी विचारपूस करायला गेलो तर म्हणाल्या, "निजून ऱ्हात न्हाईत. सारखं वर न्या म्हणत्यात. वर काय हाय, तुमी हाय का अमृत?"

नेमका त्याच दिवसांत मी कामासाठी घोडेगावला गेलो आणि एका सुताराच्या दारात मला ती दिसली. सागवानी आरामखुर्ची, मधे जाड निळ्या कापडाची झोळी, लांब हात. बसून बघितलं, तर उठवेना. मला वाटलं, आजारातून उठलेल्या माणसाला याच्यापेक्षा चांगलं काय. आणली. गॅलरीत मांडली. आता स्टुलाला जागा उरेना. तेवढ्यात खालून भंगारवाला ओरडत चालला होता. मी त्याला हाक मारून वर बोलावलं.

ही म्हणाली, "ते त्यांचं आहे."

मी म्हणालो, "अगं, त्यांच्याचसाठी तर करतोय." आणि हसलो.

दादा बरे होऊन पहिल्यांदा वर आले, तेव्हा कपडे अंगावर नुसते टांगलेले दिसत होते. जिना चढून धाप लागली होती. गॅलरीच्या दारात थांबले.

"स्टूल कुठंय?"

"गंजलं होतं, दादा. भंगारात दिलं. हे बघा, तुमच्यासाठी काय आणलंय."

 पूर्वीचे दादा असते तर मला त्या जाळीतून खाली टाकलं असतं. पण पाय थरथरत होते. त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि हळूच टेकले. टेकले ते खाली गेले, आणखी खाली गेले. झोळीनं त्यांना आत घेतलं. डोकं कठड्याच्या कितीतरी खाली, पाय पुढं लांब पसरलेले. मान वर काढायचा प्रयत्न त्यांनी एकदोनदा केला. मग सोडून दिला.

"चांगली हाय," ते म्हणाले. आणि झोपी गेले.

माझ्या एवढ्या खरेदीत त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं चांगलं. माझी छाती फुगली. पुढचे काही दिवस असंच चाललं. दादा यायचे, खुर्चीत टेकायचे, मान वर काढायची धडपड करायचे, दमायचे आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचे. मी हॉलमधून समाधानानं बघायचो. एका म्हाताऱ्याला झोप मिळवून दिली, याचं पुण्य मी मनातल्या मनात जमा करत होतो.

खाली रस्त्यापलीकडे एक माणूस रोज बाकड्यावर बसून वर बघत होता, आणि त्याला गॅलरीचं उघडं दार दिसत होतं, पण डोकं दिसत नव्हतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

त्या संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर तोच वाळकुडा चेहरा, तीच मानेची शीर, फक्त थोडा बुटका माणूस. जिना चढल्यानं त्यालाही धाप लागलेली.

"हाय का?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"तुमचं मालक. दिसंनात बरंच दिस." मग अडखळून म्हणाला, "कुणाला इचारावं, तर त्या घराशी बोलणं न्हाई."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शिवनेरी विझली आणि बाकडं दिसलं. मी इतका हरखलो, की दोन्ही हातांनी त्यांना आत ओढलं. "या, या, आहेत, इथंच आहेत." ते खुर्च्यांतून वाट काढत गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि थांबले.

दादा झोपले होते. तोंड उघडं, खांद्यावरचं उपरणं घसरून जमिनीला लागलेलं. धाकटा भाऊ जरा वेळ बघत राहिला. मग वाकून त्यानं उपरण्याचं टोक उचललं. दादा जागे झाले.

मी आयुष्यात पुष्कळ प्रसंग वाया घालवले आहेत, पण त्या प्रसंगाइतकं भरलेलं ताट माझ्या हातून कधी सांडलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत होते. कोण आधी बोलतो एवढाच प्रश्न होता. अशा वेळी दारात आलेल्या माणसाला पहिल्यांदा काय म्हणतात? बस म्हणतात. ते एकदा म्हटलं आणि तो बसला, की पुढचं सगळं आपोआप होतं. दादांनी तोंड उघडलं, आणि शेजारी बघितलं. जिथं स्टूल असायचं तिथं मोकळी फरशी होती. म्हणून ते स्वतः उठायला लागले. आता वाटतं, त्यांना आपली जागा द्यायची होती. पण त्या खुर्चीतून मला उठता येत नव्हतं, त्यांना कुठलं येणार. हात टेकले, ताणले, परत आत गेले. आणि इतका वेळ त्यांचे दोन्ही पाय, लांब, अनवाणी, सरळ धाकट्या भावाच्या दिशेनं पसरलेले.

मी ओरडलो, "थांबा, खुर्ची आणतो." हॉलमध्ये चार खुर्च्या होत्या. त्यांतली वेताची उचलली, ती दुसरीत अडकली. दोन्ही सोडवता सोडवता प्लॅस्टिकची आडवी पडली. ती ओलांडून मी खुर्ची डोक्यावर घेऊन गॅलरीच्या दारात पोचलो, तेव्हा धाकटे भाऊ परत फिरले होते.

"बसा ना," मी म्हणालो.

"पाय दावतोय मला," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, हॉलशी, भिंतीशी. "थोरला हाय. दावू दे." आणि जिना उतरून गेले.

दादा खुर्चीतून हाका मारत होते. भावाला नव्हे, मला. "भाऊसाहेब. उठवा मला. भाऊसाहेब, आधी उठवा." मी खुर्ची खाली ठेवून त्यांना काखेत हात घालून उभं केलं. ते कठड्याशी गेले. खाली रस्ता ओलांडून जाणाऱ्या पाठीकडे बघत राहिले. हाक मात्र त्यांनी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरचं बाकडं उलटं फिरवलेलं होतं. धाकटे त्यावर बसले होते, स्वतःच्याच घराच्या भिंतीकडे तोंड करून. रस्त्याकडे, आमच्याकडे, पाठ.

दादा आले. वहाणा दारात काढल्या, हॉलमधून गेले, कठड्याशी उभे राहिले. बराच वेळ. मग आत वळले आणि माझ्यासमोर थांबले. "भाऊसाहेब, ह्या महिन्यापासनं गॅलरी भाड्यात धरा."

आणि मी, देव मला बुद्धी देवो, विचारलं, "म्हणजे भाडं वाढणार का?"

"न्हाई," दादा म्हणाले. "तशीच घ्या."

ते परत कधी वर आले नाहीत.

मी काही स्वस्थ बसलो असं नाही. बसलो असतो तर बरं होतं. सुताराकडून तेवढ्याच उंचीचं नवंकोरं स्टूल करून आणलं आणि खाली घेऊन गेलो. दादांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "ऱ्हाऊ द्या. माळ्यावर चढाया व्हईल." मग मी समोर गेलो. धाकट्यांच्या बाकड्याजवळ उभा राहून समजावलं, की अपमान करायचा हेतू नव्हता, त्या खुर्चीत बसलं की कुणाचेही पाय पुढंच येतात.

"खुर्ची माणसाचं पाय पुढं करती व्हय?"

"हो ना."

"मग तसली खुर्ची आणली कुणी?"

मी गप्प बसलो. म्हणजे उभाच होतो. त्यांनी मला बस म्हटलं नव्हतं.

आम्ही त्या घरात पुढं बरीच वर्षं काढली. गॅलरी आमची झाली. हिनं जाळीवर साड्या वाळत घातल्या, तुळस वाढू दिली, सासरे आले, त्यांनी आरामखुर्चीत बसून चहा प्याला आणि म्हणाले, झकास. मी बसायचो तेव्हा मला कठड्याच्या वरचं फक्त आभाळ आणि शिवनेरीचा तुकडा दिसायचा. उठून उभं राहिलं की समोर ती पाठ दिसायची. म्हणून मी उठत नसे.

दादा खाली मागच्या खोलीत राहिले. त्या खोलीच्या खिडकीतून इमारतीची पाण्याची टाकी दिसते. काकी सांगायच्या, ते हल्ली भिंतीला टेकून बसतात. मी भेटायला गेलो की विचारायचे, "बरं हाय ना वर?" मी म्हणायचो, बरं आहे. "हवा येती?" येते म्हणायचो. तेवढंच.

पुढं एका सकाळी ते गेले. भावकी, मोटारी, खोडदची मुलगी, सगळं गाव लोटलं. दुसऱ्या दिवशीपासून माणसं बसायला येऊ लागली. इमारतीच्या दारात सतरंजी अंथरली होती, पण म्हाताऱ्या माणसांना खाली बसवेना. मी हॉलमधल्या खुर्च्या आणाव्यात की काय अशा विचारात होतो. तेवढ्यात समोरून धाकटे आणि त्यांचा मुलगा, दोघं दोन टोकांना धरून, ते बाकडं घेऊन रस्ता ओलांडून आले. मधे उभी असलेली मोटारसायकल कुणीतरी बाजूला केली. बाकडं इमारतीच्या दाराशी ठेवलं. धाकट्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं ते पुसलं, अगदी कडेला टेकले आणि दाराकडे बघत राहिले.  काकी उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या.

बाकडं उन्हात होतं. धाकट्यांच्या टकलावर ऊन येत होतं. इमारतीच्या कडेला जरा सावली होती. मला राहवलं नाही. मी पुढं झालो, बाकड्याचं मोकळं टोक धरलं आणि म्हणालो, "जरा उठता का? हे इकडं सावलीत घेऊ. नीट बसता येईल."

धाकटे उठायला लागले. तेव्हा आतून काकी बोलल्या. मान वर न करता, आवाजही न चढवता.

"भाऊसाहेब, बाकडं सोडा. तुमी सोय करून दिली की आमच्यातला एक उठून जातो."